नंबर दिसतो, माणूस दिसत नाही

लँडलाइनच्या काळात ‘ब्लँक कॉल’ हा शब्द मराठी घरांत चांगलाच रुळला होता. घंटा वाजायची, रिसीव्हर उचलला की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, नाहीतर काहीतरी अचकटविचकट बोलून फोन आपटला जायचा. कोण होते हे कळायला मार्ग नसे. आता नंबर पडद्यावर दिसतो, पुष्कळदा सोबत एखादे नावही दिसते, आणि तरीही रात्री साडेअकराला तोच अनोळखी नंबर सहाव्यांदा वाजू लागला की पोटात गोळा येतो तो येतोच. बदलला आहे तो प्रश्न. पूर्वी मन विचारायचे, ‘कोण असेल?’ आता ते विचारते, ‘कुठे असेल?’ फोन करणारा गल्लीच्या तोंडाशी उभा आहे की दुसऱ्या राज्यात बसला आहे, यावर भीतीचे माप ठरते. म्हणूनच मोबाइल नंबरवरून लोकेशन काढून देण्याचा दावा करणाऱ्या संकेतस्थळांना आणि अॅपना गिऱ्हाईक कमी पडत नाही. माझे म्हणणे असे आहे की हे लोकेशन सामान्य माणसाच्या हाती येत नाही ते योग्यच आहे आणि ते येऊही नये. मात्र ते कुलपात ठेवायचे असेल तर छळ सोसणाऱ्याच्या तक्रारीची दखल तातडीने घेणे व्यवस्थेवर बंधनकारक हवे. या सौद्याचा पहिला अर्धा भाग आपण बऱ्यापैकी पाळतो, दुसरा मात्र वाऱ्यावर सोडला आहे.

लोकेशनविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज उपग्रहाचा. ‘सॅटेलाइटवरून लोकेशन काढले’ असे आपण सहज बोलून जातो. जीपीएसचे उपग्रह काय किंवा आपल्या नाविक प्रणालीचे काय, कोणाच्याही फोनकडे पाहत नसतात. ते आपली वेळ आणि आपली जागा सतत प्रसारित करत राहतात. फोन त्यांचा केवळ श्रोता असतो. निदान चार उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला यावरून फोन स्वतःची जागा स्वतःच मोजतो. ती जागा दुसऱ्याला कळायची तर फोनमधल्या एखाद्या अॅपने ती इंटरनेटवरून पाठवावी लागते, आणि त्यासाठी फोन हाताळणाऱ्याने कधीतरी परवानगी दिलेली असावी लागते. नकाशाच्या अॅपला आपण ती देतो, टॅक्सी बोलावताना देतो, घरच्यांना व्हॉट्सअॅपवर ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवताना देतो. त्रास देणारा इसम ती आपल्याला देणार नाही हे उघड आहे.

दुसरा मार्ग टॉवरचा, आणि पोलिसांच्या बातम्यांत जे ‘टॉवर लोकेशन’ आपण वाचतो ते याच मार्गाचे. फोन चालू असला की आपण बोलत नसतानाही तो नेटवर्ककडे हजेरी लावत असतो. त्याशिवाय आपल्याला आलेला कॉल कोणत्या भागातल्या टॉवरांकडे पाठवायचा हे कंपनीला कळणारच नाही. म्हणजे मोबाइल सेवा उभीच आहे ती ग्राहकाच्या ठावठिकाण्यावर. तो कोणी बाहेरून चोरून मिळवत नाही. टॉवरच्या माथ्यावर सहसा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येक अँटेना वर्तुळाचा साधारण तिसरा हिस्सा सांभाळतो. कॉल कोणत्या टॉवरच्या कोणत्या हिश्शातून झाला, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या हँडसेटवरून, याची नोंद होते. तिलाच पोलिसी बोलीत ‘सीडीआर’ म्हणतात. दादरसारख्या किंवा पुण्याच्या पेठांसारख्या दाट वस्तीत हा हिस्सा काहीशे मीटरांचा असतो, पण त्यात शेकडो बिऱ्हाडे असतात. माळरानावर तोच हिस्सा कित्येक किलोमीटरांचा होतो. जुन्या जीएसएम तंत्रात एका टॉवरचा पल्ला ३५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि अंतराचा अंदाज सुमारे ५५० मीटरांच्या टप्प्यांनीच बांधता येतो. घाटमाथ्यावर उभा असलेला फोन खाली कोकणातला एखादा टॉवर पकडून बसला, तर नोंदीत तो माणूस डोंगराच्या पायथ्याशी दिसणार. म्हणून टॉवरवरून घराचा नंबर कळत नाही, फक्त इलाखा कळतो. त्या इलाख्यातून माणूस शोधायला तपास लागतो: रात्री हा फोन रोज कोणत्या टॉवरखाली असतो, दिवसा कुठे जातो, त्याच हँडसेटमध्ये आधी कोणती सिमकार्डे चालली, हे सगळे ताडून पाहावे लागते.

मग ‘नंबर टाका, लोकेशन मिळवा’ म्हणणारी संकेतस्थळे काय दाखवतात? भारतात मोबाइल नंबरांच्या मालिका कंपनीनिहाय आणि सर्कलनिहाय वाटल्या गेल्या आहेत. मुंबई हे एक स्वतंत्र सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. नंबराचे सुरुवातीचे आकडे पाहून तो मुळात कोणत्या कंपनीला, कोणत्या सर्कलसाठी दिला गेला एवढे सांगता येते, आणि ही संकेतस्थळे नेमके तेवढेच सांगतात. वर सर्कलच्या नकाशावर कुठेतरी एक लाल खूण ठोकून देतात, की झाले ‘लोकेशन’. त्या खुणेचा फोन करणाऱ्याशी काडीचा संबंध नसतो. मूळ माहितीही शिळी असते, कारण २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्ये गेल्यावरही तोच नंबर चालवता येतो. नागपुरात घेतलेला नंबर आज चेन्नईत, दुसऱ्याच कंपनीवर चालत असू शकतो. अशी अॅप मात्र आपल्याकडे काय मागतात ते पाहण्यासारखे आहे: संपर्कयादी वाचण्याची परवानगी, एसएमएस वाचण्याची परवानगी, आणि आपल्या स्वतःच्या लोकेशनची परवानगी. ज्याला शोधायला निघालो त्याचा ठिकाणा लागत नाही आणि आपला मात्र परक्याच्या हाती जातो.

खरोखर चालणारी ट्रॅकिंग अॅपही आहेत, आणि त्यांचीच काळजी अधिक वाटते. ती ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच फोनमध्ये बसवावी लागतात. म्हणजे तो फोन काही मिनिटे तरी हातात मिळायला हवा, त्याचा पासवर्ड ठाऊक हवा. अनोळखी छळवाद्याचा फोन छळ सोसणाऱ्याच्या हाती कसा येणार? उलट संशयी नवरा, नकार न पचलेला जुना मित्र, पाळत ठेवणारा नातेवाईक यांना दुसऱ्याचा फोन सहज मिळतो. २०१९ साली अँटीव्हायरस कंपन्या आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्था यांना मिळून अशा हेरगिरी अॅपविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय आघाडी उभारावी लागली ती याच कारणाने. छळणाऱ्याला शोधण्यासाठी म्हणून विकले जाणारे हत्यार प्रत्यक्षात छळणाऱ्याच्याच हाताला अधिक सोयीचे असते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा आहे.

यावर कोणी म्हणेल की हा दोष फसव्या अॅपचा झाला. मोबाइल कंपन्यांकडची खरी माहितीच नागरिकांना, नियम घालून, मिळू द्या. तसे केले तर काय होईल याचा पुरावा हवा असेल तर कुलूप जिथे जिथे गळले तिथे माहिती कोणाकडे गेली ते पाहावे. २०१३ साली राज्यसभेतील तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या फोनच्या कॉल नोंदी बेकायदा मिळवल्याचे उघडकीस आले. त्यात दिल्ली पोलिसांतील एका शिपायाला आणि खासगी गुप्तहेरांना अटक झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने नियम कडक केले आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच सीडीआर मागवता येईल असे ठरवले. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी साखळी पकडली, तेव्हा तिच्यातही खासगी गुप्तहेर होते. अमेरिकेत तर मोबाइल कंपन्यांनी ग्राहकांची लोकेशन माहिती मध्यस्थांना रीतसर विकली. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या एका पत्रकाराने ३०० डॉलर मोजून हे दाखवून दिले: फरार आरोपी पकडून देणाऱ्या एका खासगी माणसाने केवळ नंबरवरून तो फोन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात असल्याचे शोधून दिले. त्या विक्रीबद्दल २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने चार मोठ्या कंपन्यांना मिळून सुमारे २० कोटी डॉलर दंड ठोठावला. जेथे कुलूप गळते तेथे आधी पैसा आणि चिकाटी असलेला माणूस पोचतो. आणि मागावर राहणाऱ्याजवळ चिकाटीची कधीच कमतरता नसते.

काहींना वाटते, टॉवरचा इलाखा कळला तर एवढे काय बिघडते? एका ठिपक्याने फारसे बिघडत नाही, पण ठिपक्यांच्या रांगेने सगळे बिघडते. कार्पेंटर विरुद्ध अमेरिका या खटल्यात पोलिसांनी आरोपीच्या १२७ दिवसांच्या टॉवर नोंदी वॉरंटविना मागवल्या होत्या. त्यात त्याच्या ठावठिकाण्याचे १२,८९८ ठिपके निघाले, म्हणजे दिवसाला सरासरी शंभरेक. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की अशा नोंदींसाठी सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल. दिवसाला शंभर ठिपके असतील तर माणूस कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणाच्या घरी रात्र काढतो, कोणत्या सभेला बसतो हे सगळे वाचता येते. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. तो हक्क सर्वांचा आहे, त्रास देणाऱ्याचाही. हे वाक्य छळ सोसणाऱ्याच्या कानाला कडू लागेल याची मला जाणीव आहे. पण ज्या दिवशी त्रास देणाऱ्याच्या हक्काचे कुलूप सामान्य ग्राहकासाठी उघडेल, त्या दिवशी छळ सोसणारीचेही उघडलेले असेल.

इथे मुळातला प्रश्न विचारायला हवा. त्रास थांबवण्यासाठी लोकेशन लागतेच का? अपहरण झाले असेल, कोणी जीव द्यायला निघाला असेल, डोंगरात वाट चुकला असेल, तर लोकेशन हाच श्वास आहे. त्रासदायक फोनच्या बाबतीत मात्र लागतो तो माणूस, आणि त्याचा नाव-पत्ता सिमकार्ड घेताना दिलेल्या कागदपत्रांत असतो. सिम बदलून बदलून फोन करणारा असेल तर हँडसेटचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक त्याला धरून ठेवतो. सिम पाच वेळा बदलले तरी हँडसेट तोच असेल तर पाचही सिम एका ओळीत येतात. नोंदी पुसल्या जातील ही भीतीही फारशी खरी नाही, कारण २०२१ च्या डिसेंबरात परवान्याच्या अटी बदलल्या आणि कंपन्यांना कॉल नोंदी निदान दोन वर्षे ठेवणे भाग पडले. म्हणजे पुरावा जागेवर असतो. तो उघडणारा अधिकारी तेवढा वेळेवर हलायला हवा.

या दृष्टीने उत्तर प्रदेशातला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. २०१२ च्या नोव्हेंबरात तिथे लखनौहून ‘१०९०’ ही महिलांसाठीची पोलीस सेवा सुरू झाली. तिची रचना विचारपूर्वक केलेली होती. तक्रार ऐकणारी कर्मचारी स्त्री असते. तक्रार करणारीला ठाण्यात यावे लागत नाही. तिची ओळख गुप्त राहते. आणि त्रास देणाऱ्याला पहिला फोन पोलिसांकडून जातो, आधी समज देण्यासाठी, न ऐकल्यास पुढच्या कारवाईसाठी. या रचनेत लोकेशनचे नावही नाही. फोनवरून छळणाऱ्याचे बळ एकाच गोष्टीत असते, आपण कोण आहोत हे कोणाला ठाऊक नाही या समजुतीत. पोलिसाने त्याला त्याच्याच नंबरवर फोन करून नावानिशी हाक मारली की ते बळ जाते. आपल्याकडे ११२ आणि १९३० आहेत, मुंबईत महिलांसाठी १०३ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर पोलीस आहेत. पण ११२ संकटाच्या क्षणासाठी आहे, १९३० आर्थिक फसवणुकीवर झडप घालण्यासाठी. महिनाभर रोज वाजणाऱ्या एका चिवट नंबरासाठी, पोलीस ठाण्याची पायरी न चढता पहिली समज देववण्याची सोय महाराष्ट्रात सर्वत्र, एकाच ठाऊक नंबरावर असायला हवी.

ठाण्याची पायरी हा विषय आलाच आहे तर कायद्यातली एक खोच नीट समजून घेतली पाहिजे. त्रासाच्या फोनची तक्रार घेऊन गेले की पुष्कळांच्या हाती ‘एनसी’ची पावती पडते. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, आणि तपास नाही तर सीडीआर नाही. निनावी धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ च्या चौथ्या पोटकलमातला गुन्हा आहे. पण स्त्रीचा नको असताना पाठलाग करणे हा कलम ७८ खालचा गुन्हा दखलपात्र आहे, आणि फोन किंवा इंटरनेटवरची पाळतही त्यात बसते. दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये जुन्या दंडसंहितेत ३५४-ड म्हणून आलेले हेच कलम. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पुन्हा केलेल्या गुन्ह्यात जामीन हक्काने मिळत नाही. स्त्रीच्या विनयाला धक्का देणारे शब्द वापरणे हे कलम ७९ खाली येते. तक्रार लिहून देताना फोनवर काय बोलले गेले, किती वेळा, नकार दिल्यावरही किती वेळा, हे स्पष्ट आले तर ती एनसीच्या वहीत जाण्याऐवजी एफआयआरमध्ये जाण्याचा संभव वाढतो. कलम ७८ मध्ये स्त्रीने नापसंती उघड दाखवल्यानंतरही वारंवार संपर्क करणे हा मुद्दा आहे. म्हणून ‘मला फोन करू नका’ असा एक स्वच्छ संदेश एकदाच लेखी पाठवावा आणि मग एक अक्षरही उत्तर देऊ नये. शिवी नाही, विनवणी नाही, ‘तू कोण?’ नाही. तो एक संदेश आणि त्यानंतरच्या कॉलची यादी यांचे वजन पुराव्यात मोठे असते. कॉलयादी, संदेश, रेकॉर्डिंग पुसू नये. नंबर ब्लॉक करण्याआधी पडद्याची चित्रे काढून ठेवावीत.

इथे एक उणीव सांगितलीच पाहिजे. ७८ आणि ७९ ही कलमे स्त्रीच्याच संरक्षणासाठी आहेत. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला कोणी दररोज फोनवरून छळले, तरुण मुलाला कोणी सतावले, तर धमकी किंवा खंडणी नसेल तेव्हा कायद्याचे बोट धरायला फारसे काही उरत नाही. मग ‘त्रास देणे’ हाच सरसकट गुन्हा का करू नये? हे आपण एकदा करून पाहिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात त्रास आणि गैरसोय असे सैल शब्द होते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली ती त्याच कलमाच्या आधारे, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पूर्णपणे रद्द केले. तेव्हा नवे कलम हवे, पण ते नेमके हवे: नकार कळवल्यानंतर एकाच व्यक्तीला वारंवार केलेला संपर्क, मग ती व्यक्ती स्त्री असो वा पुरुष. मतप्रदर्शनाला त्याचा धक्का लागू नये एवढी काळजी घेऊन असा गुन्हा शब्दांत बांधता येतो.

कर्ज, प्लॉट, विमा विकणाऱ्यांचे फोन ही वेगळी जात आहे आणि तिच्यावरचा उपायही वेगळा. तिथे भीती नसते, वैताग असतो. ‘स्टार्ट ०’ असा इंग्रजीत एसएमएस १९०९ वर पाठवला की सर्व प्रकारचे व्यापारी कॉल व संदेश बंद करण्याची नोंद होते. हवे तर बँक, जागा, शिक्षण असे प्रकार निवडूनही बंद करता येतात. ‘१४०’ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा आणि ‘१६००’ मालिका बँकांसारख्या संस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी, एवढे लक्षात ठेवले तर दहा आकडी साध्या मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याविषयी मनात शंका आपोआप उभी राहते. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलून तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली आणि नोंदणी नसलेल्या विक्रेत्यावर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होईल असे ठरवले. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. फसवणुकीचा वास येणारे कॉल सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीत कळवता येतात. आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी सिम घेतले आहे का हेही तिथेच पाहता येते. हे प्रत्येकाने आजच पाहावे, कारण आपल्या नावाच्या सिमवरून दुसऱ्या कोणाचा छळ चालला असेल तर पोलीस आधी आपल्या दारात येतील.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला असा की ट्रूकॉलरसारख्या अॅपने नाव तर आधीच उघडे केले आहे, मग लोकेशनविषयीच एवढा सोवळेपणा कशाला? ट्रूकॉलर ही स्वीडनमध्ये २००९ साली सुरू झालेली कंपनी आणि भारत तिची सर्वांत मोठी बाजारपेठ. लोक जे नाव कळवतात, लिहितात, त्याच्या साठ्यावर ती चालते. म्हणून ‘दूधवाला’ किंवा ‘प्लंबर नवीन’ अशी नावे दिसतात आणि छळणारा स्वतःला ‘बँक मॅनेजर’ही म्हणवून घेऊ शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत ट्रायने शिफारस केली की कॉल करणाऱ्याचे सिमच्या कागदपत्रांतले नाव नेटवर्कनेच दाखवावे. हे अधिक भरवशाचे आहे, पण इथेही तीच दुधारी तलवार आहे. रिक्षावाल्याला किंवा वस्तू पोचवणाऱ्याला एकदा फोन करणाऱ्या मुलीचे पूर्ण नाव त्याच्या पडद्यावर उमटणार. नाव लपवण्याची सोय ट्रायच्या शिफारशीत ठरावीक ग्राहकांपुरतीच आहे. ती कोणत्याही सामान्य स्त्रीला, कारण न विचारता, मिळायला हवी असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक ठाशीव आहे. कॉल व्हॉट्सअॅपवरून आला, परदेशातून आला, नंबरच बनावट दाखवला गेला, तर कागदपत्रे आणि आयएमईआय घेऊन काय करायचे? खरे आहे. भारतीय नंबराचा मुखवटा घालून परदेशातून येणारे कॉल रोखणारी यंत्रणा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवल्याचे सरकारने सांगितले. मुखवट्यांचा हा केवढा पूर! पण हा आक्षेप लोकेशनच्या बाजूने न जाता विरुद्ध जातो. नंबरच खोटा असेल तर त्या नंबराचे लोकेशन त्याच्या निरपराध खऱ्या मालकाचे निघेल. संतापलेला भाऊ किंवा बाप ते लोकेशन घेऊन ज्याच्या दारात उभा राहील त्याने कदाचित आयुष्यात तिला फोन केलेला नसेल. व्हॉट्सअॅपवरच्या छळासाठी तिथला नंबर आणि संदेश तसेच ठेवून पोलिसांमार्फत कंपनीकडे माहिती मागावी लागते. अनोळखी कॉल आपोआप शांत करण्याची सोय त्या अॅपमध्ये २०२३ पासून आहे, ती तोवर सुरू करून ठेवावी.

घरच्यांचे लोकेशन पाहावे की नाही असेही पुष्कळ जण विचारतात. लहान मुलाचे पाहावे, त्याला सांगून पाहावे. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या आजोबांचे पाहावे. सज्ञान मुलीचे, बायकोचे, नवऱ्याचे पाहायचे तर त्यांनी स्वतः होऊन, हवे तेव्हा बंद करता येईल अशा रीतीने दिलेले असावे. न सांगता बसवलेले अॅप हा कोणत्याही मायेचा पुरावा होऊ शकत नाही.

आणि शेवटी सर्वांत जुना आक्षेप: पोलीस ऐकतच नाहीत. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो पुष्कळ ठिकाणी खरा आहे, आणि खोट्या ट्रॅकरांचा धंदा त्याच्यावरच चालतो. ज्या मुलीला ठाण्यात ‘नंबर बदलून टाक’ असा सल्ला मिळतो ती त्याच रात्री अॅप शोधते. नंबर बदलणे म्हणजे बँक, आधार, नोकरी, मैत्रिणी सगळीकडे तिनेच धावपळ करायची आणि छळणाऱ्याने जागेवरच बसायचे. म्हणून मागणी नेमकी करायला हवी. त्रासाच्या फोनची तक्रार ऑनलाइन लिहून देता यावी आणि तिला क्रमांक मिळावा. चोवीस तासांत पहिली समज जावी. गुन्हा दखलपात्र असेल तर एनसी का नोंदवली याचे लेखी कारण द्यावे लागावे. सीडीआर मागवला की नाही, केव्हा मागवला, हे तक्रारदाराला कळावे. नोंदीतला मजकूर तिला कळण्याची गरज नाही. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

लोकेशनने कुलूप तोडून क्षणार्धात धावत सुटावे असा एक प्रसंग मात्र आहे, आणि त्याची तरतूद केंद्र सरकारने २०१६ मध्येच केली. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटाचे बटण असावे आणि १ जानेवारी २०१८ पासून जीपीएस असावे, असा तो नियम. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे, अशी त्यातली योजना. स्मार्टफोनमधली ही सोय कंपनीनुसार बदलते, तेव्हा आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी’ या शब्दाखाली ती कशी चालते ते पाहून ठेवावे, आईच्या आणि मुलीच्या फोनवरही लावून द्यावी. त्या बटणाने जे लोकेशन जाते ते बटण दाबणारीचे असते, ती स्वतः ते पाठवते, आणि ज्यांना तिने बोलावले त्यांच्याकडेच ते जाते.